नाच, ‘नॉच’ आणि कावेरीकाठच्या बायका

१८७० च्या दशकात तंजावूरला आर्थर कोक बर्नेल नावाचे इंग्रज न्यायाधीश होते. कचेरीचे काम आटोपले की त्यांचा वेळ मराठा राजवाड्यात जाई. तिथल्या सरस्वती महालात ताडपत्रांच्या आणि कागदी पोथ्यांच्या राशी होत्या. त्यांतल्या संस्कृत पोथ्यांची सूची बर्नेलनी तयार केली आणि ती १८८० मध्ये छापून झाली. शब्द गोळा करण्याचाही त्यांना नाद होता. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेले देशी शब्द ते आणि कर्नल हेन्री यूल पत्रांतून एकमेकांना कळवत. त्यातून ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा प्रसिद्ध कोश उभा राहिला. तो १८८६ मध्ये निघाला तेव्हा बर्नेलना जाऊन चार वर्षे झाली होती.

या कोशात ‘नॉच’ शब्दाची नोंद आहे. हिंदुस्थानी आणि मराठी ‘नाच’, त्यामागे प्राकृत ‘नच्च’ आणि मुळाशी संस्कृत ‘नृत्य’ अशी त्याची वंशावळ तिथे दिली आहे. अर्थही साधा आहे: बायकांचा नाच, कोणताही करमणुकीचा खेळ, अगदी गोऱ्या साहेबांचा बॉल डान्ससुद्धा. याच कोशात ‘देवदासी’ शब्दापाशी मात्र सूर बदलतो. देवळात नाच आणि वेश्याव्यवसाय यांसाठी वाहिलेल्या गरीब मुली, अशा आशयाची ती ओळख आहे. नाच एका पानावर आणि बदनामी दुसऱ्या पानावर. पुढच्या सात वर्षांत ही दोन पाने जणू एकमेकांना चिकटली. १८९३ मध्ये मद्रासेत नाचाविरुद्ध सरकारकडे अर्ज गेले, तेव्हा ‘नॉच’ हे हलक्या दर्जाच्या चैनीचे, घरे बुडवणाऱ्या व्यसनाचे नाव झालेले होते.

आपल्या भाषेतला एक निर्मळ शब्द परक्या भाषेत जाऊन मळला आणि तो मळ घेऊन परत आला. त्याची किंमत कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातल्या गावांनी मोजली. तंजावूरवर १८० वर्षे मराठ्यांचे राज्य होते, म्हणून ही हकिकत मराठी वाचकाला माहीत असायला हवी.

सुरुवात मराठ्यांच्याही साडेसहाशे वर्षे आधीपासून करावी लागते. राजराज चोळाने तंजावूरचे मोठे देऊळ इसवी सन १०१० च्या सुमारास पुरे केले आणि त्याचा हिशेब दगडी भिंतींवर कोरून ठेवला. सोने किती, दिवे किती, तेल कुठून, सगळे त्यात आहे. तिथेच ४०० स्त्रियांची यादी आहे. त्यांना ‘तळिच्चेरी पेंडुगळ’ म्हटले आहे, म्हणजे देवळाच्या वस्तीतल्या बायका. प्रत्येकीचे नाव आहे, ती कोणत्या गावच्या कोणत्या देवळातून आली ते आहे, कोणत्या रस्त्यावरचे कितवे घर तिला दिले तेही आहे. प्रत्येकीला वर्षाला १०० कलम (धान्याचे माप) भात ठरवून दिले होते. राज्यातल्या देवळांतून नावानिशी बोलावून आणलेल्या या बायका होत्या, त्यांना घर होते आणि धान्य होते. ज्यांना पुढे ‘नॉच गर्ल’ हे दोन शब्द पुरेसे वाटले, त्यांनी ही भिंत वाचलेली नव्हती.

नायक राजांच्या काळात देवळातली ही कला दरबारातही रुळली. १६७६ च्या सुमारास व्यंकोजी राजे तंजावूरच्या गादीवर बसले तेव्हा हा वारसा त्यांना आयता मिळाला. त्यांचे पुत्र शहाजी राजे १६८४ ते १७१२ गादीवर होते. तिरुवारूरच्या त्यागराज या देवाचे ते मोठे भक्त. देवाच्या पालखीसेवेवर त्यांनी तेलुगूत प्रबंध रचला. राजा मराठी, प्रजा तमिळ, दरबारी काव्याची भाषा तेलुगू आणि शास्त्राची संस्कृत, असा तो विलक्षण मेळ होता. राजदरबारातल्या एकल नृत्याला तमिळमध्ये ‘सदिर’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘सदर’वरून आला असे बरेच अभ्यासक मानतात. मिरासदार हा आपला शब्द त्या मुलखात जमीनदारासाठी रूढ झाला, तसाच हा.

प्रतापसिंह राजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, दरबारात मुद्दुपळनी नावाची नर्तकी होती. तिने तेलुगूत ‘राधिका सांत्वनम्’ हे काव्य लिहिले. रुसलेल्या राधेची कृष्ण समजूत काढतो, हा त्याचा विषय. शृंगार त्यात भरपूर आहे आणि तो स्त्रीच्या बाजूने लिहिलेला आहे. काव्याच्या आरंभी मुद्दुपळनी आपली वंशावळ सांगते ती आजीची आणि आत्याची. आपल्या विद्येचा तिला अभिमान आहे. घरंदाज म्हणवणाऱ्या बाईला अक्षरही शिकता येत नव्हते, त्या काळात ही बाई काव्य रचत होती आणि मोठे पंडित तिला मान देत होते. नाचणाऱ्या बायकांनाच काय ते वाचायला, गायला, नाचायला शिकता येते, असे निरीक्षण आबे द्युबुआ या फ्रेंच धर्मगुरूनेही नोंदवले आहे, आणि तो तर त्यांचा कठोर टीकाकार होता.

दुसरे सरफोजी राजे (१७९८ ते १८३२) यांचा काळ या कलेचा सर्वांत भरभराटीचा. राज्याचा कारभार कंपनीकडे गेलेला, राजाकडे किल्ला, तनखा आणि मोकळा वेळ. हा वेळ त्यांनी ग्रंथ, वैद्यक आणि संगीत यांत घातला. त्यांच्या नावावर असलेली मराठी ‘निरूपणे’ सरस्वती महालात आहेत. जयजय, शरणु, वर्ण, पद, तिल्लाणा, मंगल असे नाचाचे टप्पे त्यांत एका कथेत ओवले आहेत. भरतनाट्यमच्या मंचावर एके काळी मराठी गायली जात होती, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबारातले. संगीतकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे हे शिष्य. अलारिप्पूपासून तिल्लाणापर्यंतचा जो क्रम आज जगभरच्या भरतनाट्यमच्या वर्गांत शिकवला जातो, तो या भावांनी बांधून दिला.

सरफोजींच्याच काळातली एक इमारत तंजावूरजवळ ओरत्तनाडू गावात उभी आहे. मुक्तांबाळ छत्रम. मुक्तांबाळ ही राजांची लग्नाची राणी नव्हती, त्यांची प्रीतीची स्त्री होती. तिच्या स्मरणार्थ १८०२ मध्ये हे अन्नछत्र बांधले. तिथे वाटसरूंना जेवण मिळे आणि मुलांच्या शिक्षणाची सोय होती. गावालाही मुक्तांबाळपुरम असे नाव पडले. लग्नाबाहेरच्या स्त्रीच्या नावाने राजा उघडपणे अन्नदान करतो आणि कुणाला त्यात लपवण्यासारखे वाटत नाही, असे ते जग होते.

ते जग निर्दोष होते असे मात्र मी म्हणणार नाही. या बायकांना देवळाच्या सेवेबद्दल इनाम जमीन असे, ती मुलीकडे जाई, मुलगी दत्तक घेता येई. मालमत्ता स्वतःच्या नावावर असलेली स्त्री त्या काळात दुसरीकडे क्वचितच सापडे. पण गळ्यात देवाच्या नावाचे पोट्टू, म्हणजे ताली, बांधली जाई तेव्हा त्या मुलीला कळतही नसे काय चालले आहे. पुढे तिला लग्न करता येत नसे. मिरासदार किंवा सरदार तिचा आश्रयदाता होई आणि त्याची निवड बहुतेक वेळा तिची आई, आजी करी. कलेचा मान आणि देहाचे बंधन एकाच दोऱ्यात गुंफलेले होते. पुढे जे झाले ते या दोऱ्याच्या गाठी न सोडवता तो सरळ कापल्यामुळे.

कापणारी सुरी परदेशात घडत होती. गोव्यात आलेल्या पोर्तुगीजांनी देवळातल्या नाचणाऱ्या बायकांना ‘बैलादैरा’ म्हटले. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ फक्त नर्तकी. फ्रेंचांनी त्याचे ‘बायादेर’ केले. त्यावर १७९७ मध्ये जर्मन कवी गटेने काव्य लिहिले, १८७७ मध्ये रशियात बॅले झाला. १८३८ मध्ये पुदुच्चेरीच्या मुलखातला देवदासींचा एक छोटा ताफा खरोखरच पॅरिस आणि लंडनच्या रंगमंचावर नाचून आला, त्यातल्या अम्मानीचे युरोपने कौतुक केले. युरोपला ही बाई कधी गूढ देवता वाटली, कधी पतित स्त्री. गुरूकडे वर्षानुवर्षे राबून कला शिकलेली कारागीर ती त्यांना सहसा दिसली नाही. इंग्रजीत ‘नॉच’चेही तेच झाले. ब्राउनिंगसारखा कवी तर हा शब्द नाचाऐवजी नाचणाऱ्या बाईलाच लावू लागला आणि ‘हॉब्सन-जॉब्सन’ने त्याची ही चूक नोंदवून ठेवली. करणे आणि करणारी एक झाली. मग नाच वाईट की बाई वाईट, हा प्रश्नच उरला नाही.

इकडे तंजावूरमध्ये आधार सुटत होते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे वारले. पुत्र नव्हता. कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्याबरोबर वादक, नट्टुवनार म्हणजे नृत्यगुरू, आणि नर्तकी यांचे वेतन गेले. कुणी मद्रासला गेले, कुणी जमीनदारांच्या आश्रयाला, कुणी दूरच्या संस्थानांत. १८८० मध्ये तंजावूरच्या लक्ष्मीबाई मोहिते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या राणी झाल्या, चिमणाबाई म्हणून. त्यांच्याबरोबर गौरा आणि कांतिमती या नर्तकी आणि त्यांचे वादक बडोद्याला आले. बडोद्याच्या कलावंत कारखान्यात त्यांना पगार लागला आणि तंजावूरचा नाच गुजरातेत रुजला. कांतिमतीचा मुलगा कुबेरनाथ तंजावूरकर पुढे नृत्यगुरू म्हणून नावाजला. मराठ्यांच्या एका सोयरिकीने एवढे वाचवले. बाकीच्यांना अशी सोयरीक मिळाली नाही.

गावांत राहिलेल्या बायका आता लग्नाच्या मांडवात, मिरासदाराच्या ओसरीवर, साहेबाच्या मेजवानीत नाचू लागल्या. पूर्वी समोर रागतालाची जाण असलेले लोक बसत. आता वऱ्हाडी बसू लागले. कायदाही बदलला होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेत अल्पवयीन मुलींना वेश्याव्यवसायासाठी देणे-घेणे हा गुन्हा ठरला. हेतू योग्यच होता. पण इंग्रजी न्यायालयांना बायको आणि वेश्या यांखेरीज बाईचा तिसरा प्रकार माहीत नव्हता. त्यामुळे देवाला वाहणे, मुलगी दत्तक घेणे, आईची जमीन मुलीला मिळणे या सगळ्यांवर संशय आला.

१८९२ मध्ये मद्रासला हिंदू सोशल रिफॉर्म असोसिएशन स्थापन झाली आणि ‘अँटी-नॉच’ चळवळीला जोर आला. मिशनरी मर्डोकने ‘नॉच’वर पुस्तिका काढली. आंध्रातले थोर सुधारक वीरेशलिंगम आधीपासून लिहीत होतेच. १८९३ मध्ये असोसिएशनने व्हाइसरॉय आणि मद्रासचे गव्हर्नर यांना अर्ज केला की त्यांनी नाचाच्या कार्यक्रमांना जाऊ नये. दोघांनीही नकार दिला. आपण हजर होतो तिथे अनुचित काही घडले नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. सरकार हलले नाही, पण शिकलेला वर्ग हलला. लग्नात नाच ठेवणार नाही, नाच असेल तिथे जाणार नाही, अशा शपथा घेतल्या गेल्या. या सुधारकांच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. कर्जात बुडालेली घरे त्यांनी पाहिली होती, लहान मुलींचे हाल पाहिले होते. पण ज्या पुरुषाने पैसे उडवले त्याला शपथ पुरली, आणि जी नाचून पोट भरत होती तिचे पोट मारले गेले. तिने काय करावे, याचे उत्तर त्या शपथेत नव्हते.

मुद्दुपळनीचे पुस्तक याच लाटेत सापडले. १८८७ मध्ये ‘राधिका सांत्वनम्’ छापले गेले, पण काटछाट करून. बेंगळुरू नागरत्नम्मा या विख्यात गायिका, स्वतः देवदासी समाजातल्या. मूळ काव्य हाती आल्यावर त्यांनी ते १९१० मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनाकडून पूर्ण स्वरूपात छापून आणले. वीरेशलिंगम यांनी मुद्दुपळनीला हलकी बाई ठरवून तिचे काव्य अश्लील म्हटले होते. नागरत्नम्मांचा प्रतिवाद रोकडा होता: हीच लाज पुरुष कवींच्या शृंगाराला का लागत नाही? १९११ मध्ये सरकारने पुस्तकावर बंदी घातली आणि प्रती जप्त केल्या. तंजावूरच्या मराठा दरबारातल्या स्त्रीचे काव्य इंग्रजी कायद्याने अश्लील ठरले.

नागरत्नम्मा मद्रासच्या वैभवात रमल्या नाहीत. तिरुवैयारूला संगीतकार त्यागराजस्वामींची समाधी पडझड होऊन दुर्लक्षित पडली होती. १९२० च्या दशकात त्यांनी स्वतःचे पैसे घालून तिथे मंदिर उभारले. त्यांच्या आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाऊ देत नाहीत म्हणून त्यांनी स्त्रियांची वेगळी आराधना सुरू केली.

त्याच काळात डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी मद्रासच्या विधिमंडळात आल्या. त्यांची आई देवदासी समाजातली. १९२७ मध्ये त्यांनी मुली वाहण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव आणला. त्याच वर्षी नागरत्नम्मा मद्रास इलाख्यातल्या देवदासींच्या संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी विरोध केला. एकाच समाजातून आलेल्या दोन कर्तबगार स्त्रिया समोरासमोर उभ्या राहिल्या. एक म्हणत होती, आमच्या मुली सोडवा. दुसरी म्हणत होती, आम्हाला वेश्या म्हणू नका, आमची विद्या आणि जमीन काढून घेऊ नका. दोघींचेही खरे होते. १९२९ च्या दुरुस्तीने इनाम जमिनीला जोडलेली देवळातली सेवेची अट काढली आणि जमीन त्या बायकांकडे राहण्याची वाट केली. सगळ्या सुधारणेत पोटाचा विचार केलेली ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते.

तिसरा आवाज गावातून आला. मायावरमजवळच्या मूवलूर गावात वाढलेल्या रामामिर्तम यांना या प्रथेत ओढण्याचा प्रयत्न झाला. त्यांनी तो झुगारला आणि आपल्या संगीतशिक्षकाशी लग्न केले. १९२५ मध्ये त्यांनी मायावरमला समाजाची परिषद भरवली. १९३६ मध्ये त्यांनी तमिळमध्ये कादंबरी लिहिली, तिच्या नावातच ‘दासींचे कपटजाळे’ आहे. आतून पाहिलेले जग त्यांनी कुणाची भीड न ठेवता मांडले. प्रथा मोडायला कोणत्याही साहेबाच्या कोशाची गरज नव्हती, मूवलूरच्या बाईला त्या प्रथेचा कडवटपणा पुरेसा ठाऊक होता. या समाजाने स्वतःला ‘इसै वेळ्ळाळर’ हे नाव घेतले. इसै म्हणजे संगीत. आपल्याकडे गोव्यातल्या कलावंत समाजाने ‘गोमंतक मराठा समाज’ हे नाव घेतले. दोन किनाऱ्यांवरच्या लोकांना एकच गोष्ट करावी लागली: इतरांनी दिलेली नावे टाकून स्वतःचे नाव स्वतः ठेवणे.

आणि नाच? वकील असलेल्या ई. कृष्ण अय्यर यांनी तो वाचवायचे मनावर घेतले. १९३१ मध्ये मद्रासच्या म्युझिक अकॅडमीने त्रिभुज प्रदेशातल्या तिरुवळप्पुत्तूर गावच्या कल्याणीच्या मुलींचा कार्यक्रम ठेवला. पुढच्या वर्षी वृत्तपत्रांतून मोठा वाद झाला. अकॅडमीने ‘सदिर’ आणि ‘नॉच’ हे दोन्ही शब्द बाजूला सारून ‘भरतनाट्यम’ हे नाव पुढे केले. पंदनल्लूर गावचे मीनाक्षीसुंदरम पिळ्ळै, तंजावूर दरबारातल्या त्या चार भावांचे वंशज, यांच्याकडे रुक्मिणीदेवी अरुंडेल शिकल्या. १९३५ अखेर त्यांनी अड्यारला नृत्य केले आणि १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था स्थापली. नवे नाव मिळाले, नवा रंगमंच मिळाला, मुलींना नाच शिकवणे प्रतिष्ठेचे झाले. मात्र ज्या घरांनी तो आठ-नऊशे वर्षे जपला, त्या घरांतल्या मुली मंचावरून हळूहळू दिसेनाशा झाल्या. बालसरस्वतींसारखी एखादीच टिकली, आणि शृंगार हा या नाचाचा आत्मा आहे असे शेवटपर्यंत ठासून सांगत राहिली.

हिशेब मांडायचा तर असा. मुली वाहण्याची प्रथा गेली, हे चांगलेच झाले आणि ते व्हायलाच हवे होते. कला वाचली, हेही खरे. पण दोन्हींच्या मध्ये उभ्या असलेल्या बाईला प्रतिष्ठा मिळाली नाही. तिच्या मुलींनी व्यवसाय सोडला, कित्येकींनी गाव सोडले. आपल्याकडेही ‘कलावंतीण’ हा कला असलेली स्त्री असा सुंदर अर्थाचा शब्द आपण शिवीसारखा करून टाकला. ‘नाचगाणी’ म्हणताना आपला सूर अजून खाली जातो. तो सूर एकट्या इंग्रजांनी दिला असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. आपल्या मनात आधीच असलेल्या तिरस्काराला ‘नॉच’ने फक्त इंग्रजी शिक्का दिला.

१९४७ मध्ये मद्रासमध्ये दोन निर्णय झाले. तंगुटूरी प्रकाशम यांच्या सरकारने ‘राधिका सांत्वनम्’वरची बंदी उठवली. त्याच वर्षी मुली देवाला वाहण्यास मनाई करणारा कायदा मंजूर झाला. १९५२ मध्ये वाविळ्ळ प्रकाशनाने मुद्दुपळनीचे काव्य पुन्हा छापले. नागरत्नम्मा त्याच वर्षी तिरुवैयारूला वारल्या. त्यांची समाधी कावेरीच्या काठी त्यागराजस्वामींच्या समोर आहे.

तंजावूरला जाणे झाले तर मोठ्या देवळाच्या शिखराकडे पाहून झाल्यावर नजर खाली, भिंतीवरच्या अक्षरांकडेही न्या. त्या ४०० नावांत एकीचे नाव आहे ‘तिल्लै अळगी’, चिदंबरमची सुंदरी. दुसरीचे ‘एडुत्तपादम’, म्हणजे नटराजाचा उचललेला पाय.